टकळी, कासव आणि मांजर

मे महिन्यात वर्ध्याला जाणं हा शहाणपणाचा प्रकार नाही हे मलाही कळतं. पण ताई माहेरी आली होती, भाचीला सुट्ट्या होत्या आणि माझ्याकडे शिल्लक रजा होती. तेव्हा महाराष्ट्र एक्सप्रेस पकडली आणि पुण्याहून घरी पोचलो. सकाळी अकरानंतर बाहेर पाऊल टाकायची सोय नाही. कूलरसमोर बसायचं, आंबे खायचे आणि संध्याकाळची वाट बघायची, एवढाच कार्यक्रम.

दुसऱ्या दिवशी ताईने फर्मान काढलं, "दिवसभर लोळतोयस तर हिला ते कोडिंग शिकव जरा." भाची पाचवी पास होऊन सहावीत जाणार. लॉकडाऊनमध्ये 'तुमच्या मुलाने अजून अ‍ॅप बनवलं नाही?' छापाच्या जाहिरातींनी आईबापांना जी धडकी भरवली होती, ती अजून पूर्ण उतरलेली नाही असं दिसतं. मी म्हटलं, हात्तिच्या, रोजचं तर काम आपलं! लॅपटॉप काढला, स्क्रॅच उघडलं. (नेटचा भरवसा नसल्यामुळे पुण्याहूनच उतरवून आणलं होतं, तेवढी दूरदृष्टी इंजिनियरला असते.)

ज्यांनी स्क्रॅच पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ह्यात प्रोग्रॅम टाइप करायचा नसतो. 'दहा पावलं पुढे जा', 'पंधरा अंशात वळ', 'दहा वेळा पुन्हा कर' असे रंगीत ठोकळे असतात. ते माउसने ओढून एकाखाली एक अडकवायचे. उजवीकडे पडद्यावर एक पिवळं मांजर असतं, ते तुमचं ऐकतं. ठोकळ्यांना खाचा असतात, त्यामुळे जे एकमेकांत बसू नये ते बसतच नाही. स्वल्पविराम राहिला, कंस मिटवायचा राहिला, ही आमच्या धंद्यातली रोजची रडगाणी इथे नाहीत.

पहिल्या दहा मिनिटांत मांजर चालायला लागलं. पडद्याच्या कडेला गेल्यावर परत फिरायला पाहिजे म्हणून तिने 'कड लागली तर उलट फीर' असा ठोकळा लावला. मांजर उलट फिरलं खरं, पण डोकं खाली आणि पाय वर करून चालत आलं. भाची हसून हसून आडवी. मी लगेच माउस हातात घेतला, फिरण्याची पद्धत बदलणारा ठोकळा शोधला, लावून दिला. मग चौकोन काढायचा तर पेनचे ठोकळे दिसेनात (ते खाली डाव्या कोपऱ्यातून वेगळे जोडून घ्यावे लागतात), तेही मीच आणून दिले. मग चौकोन मीच काढून दाखवला. मग 'बघ, आता त्रिकोण' असं म्हणून वर बघतो तर बाईसाहेब आतल्या खोलीत कार्टून बघत होत्या!

"मामा, तूच करून राहिलास न सगळं. मी काय करू?"

बरोबर होतं तिचं. आणि मला एकदम माझी दुसरी-तिसरी आठवली.

आम्हाला शाळेत लोगो होतं. आठवड्याला एक तास, एका कॉम्प्युटरवर तीन पोरं. पडद्यावर एक छोटा त्रिकोण, त्याला 'कासव' म्हणायचं. 'एफडी १००' लिहिलं की तो पुढे जायचा, 'आरटी ९०' लिहिलं की उजवीकडे वळायचा. आणि परीक्षा? परीक्षा कागदावर! 'रिकाम्या जागा भरा', 'चूक की बरोबर', आणि हमखास पाच मार्कांचा प्रश्न, 'लोगोचा लाँगफॉर्म लिहा'. तो लाँगफॉर्म मला अजून पाठ आहे. मजा म्हणजे तो खोटा आहे. लोगो हे कशाचंही संक्षिप्त रूप नाही. ते 'लोगोस' ह्या ग्रीक शब्दावरून आलंय, त्याचा अर्थ शब्द किंवा विचार. मी खोट्या लाँगफॉर्मचे पाच मार्क घेतले, त्रिकोण मात्र मला कधी काढता आला नाही. पुढे इंजिनियरिंगला टर्बो सीच्या निळ्या पडद्यासमोर बसून प्रोग्रॅम पाठ करणारी जी आमची पिढी तयार झाली, तिची मुळं त्या तासात होती असं मला वाटतं.

त्या दुपारी, भाची रुसलेली असताना, मी लोगोचा इतिहास वाचायला घेतला. वाचता वाचता आठ किलोमीटरवरच्या सेवाग्रामला येऊन पोचलो.

आधी लोगोचं सांगतो. सेमूर पॅपर्ट नावाचा गणिती, जन्म १९२८, दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियाचा. १९५८ ते १९६३ ही वर्षं त्याने जिनीव्हात झाँ पियाजेबरोबर काम केलं. मूल म्हणजे रिकामं भांडं नाही, ते स्वतःच्या डोक्यात जगाची मांडणी स्वतःच करत असतं, ही पियाजेची शिकवण. तिथून पॅपर्ट एमआयटीत गेला. १९६७ मध्ये त्याने वॉली फॉयर्झाइग आणि सिंथिया सॉलोमन ह्यांच्याबरोबर मुलांसाठी एक संगणकभाषा बनवली, तीच लोगो. काळ लक्षात घ्या. तेव्हा संगणक खोलीभर मोठे असत आणि पोरांना त्याला हात लावू द्यावा हे म्हणणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. कासव थोडं नंतर आलं. सुरुवातीला तो खरोखरचा यंत्रमानव होता, पोटात पेन असलेला, जमिनीवर अंथरलेल्या कागदावर रेघ ओढत फिरणारा. मग तो पडद्यावर चढला.

कासव कशासाठी? तर पॅपर्टचं म्हणणं असं की मुलाला विचार करायला हातात काहीतरी वस्तू लागते. लहानपणी तो स्वतः गाड्यांच्या दातेरी चाकांच्या प्रेमात होता, आणि पुढे गणितातली समीकरणं त्याला त्या चाकांमुळे समजली. १९८० च्या 'माइंडस्टॉर्म्स' ह्या पुस्तकाची सुरुवातच त्या चाकांनी होते. कासव म्हणजे सगळ्या मुलांसाठी असं एक चाक. ते कुठे वळेल कळत नसेल तर स्वतः उठायचं, कासव व्हायचं आणि चालून बघायचं.

अजून एक गोष्ट वाचून तर मी चाटच पडलो. लोगोत 'एफडी' आणि '१००' ह्यांच्यात जागा सोडायची राहिली की एक संदेश यायचा. त्याचा मराठीत अर्थ, 'एफडी१०० कसं करायचं ते मला माहीत नाही.' शाळेत हा संदेश आला की आम्हाला ओरडा बसायचा. आणि लोगोत तर 'टू' लिहून कासवाला नवीन शब्द शिकवायची सोय होती! तुला येत नाही का, थांब, शिकवतो, असं उलट मुलाने मशीनला म्हणायचं होतं. चूक म्हणजे गुन्हा नव्हे, पुढे काय करायचं त्याची खूण, हा ह्या सगळ्या खटाटोपाचा गाभा. आमच्यापर्यंत फक्त ओरडा पोचला.

आता सेवाग्राम. गांधीजी १९३४ मध्ये वर्ध्याला आले, आधी मगनवाडीत राहिले आणि एप्रिल १९३६ मध्ये शेगावात गेले. (पत्रं त्या दुसऱ्या, गजानन महाराजांच्या शेगावला जायला लागली म्हणून १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं.) १९३७ च्या निवडणुकांनंतर प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळं आली आणि एक विचित्र पेच उभा राहिला. दारूबंदी करायची, पण शाळांचा खर्च तर दारूच्या महसुलावर चालतो! मग शाळांना पैसा कुठून आणायचा? गांधीजींनी 'हरिजन'मधून उत्तर मांडलं ते दुधारी होतं. शिक्षण हस्तोद्योगातून द्या. त्यातून मुलाची बुद्धीही वाढेल आणि शाळेचा खर्चही निघेल.

ह्यावर चर्चा करायला २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात परिषद भरली. अध्यक्ष स्वतः गांधीजी. त्यांनी टकळीचं उदाहरण घेतलं. टकळी म्हणजे एक काडी आणि खाली चकती, बस्स. पण ती हातात देऊन मुलाला कापसाची गोष्ट सांगता येते, ढाक्याच्या मलमलीची आणि ईस्ट इंडिया कंपनीची सांगता येते, किती तार निघाले ते मोजायला लावून गणित शिकवता येतं. हिंगणघाटच्या कापसाच्या मुलखात हे उदाहरण कोणाला कळणार नाही?

परिषदेने झाकीर हुसेन ह्यांची समिती नेमली. विनोबा, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, जे. सी. कुमारप्पा तिच्यात होते. २ डिसेंबर १९३७ ला, म्हणजे जेमतेम सहा आठवड्यांत, अहवाल तयार! (आमच्याकडे एवढ्या वेळात रिक्वायरमेंटची मीटिंग ठरते.) सात वर्षांचं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून, आणि मध्यभागी एक मूलोद्योग. साडेपाच तासांच्या शाळेत ३ तास २० मिनिटं उद्योगाला. १९३८ मध्ये हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला आणि सेवाग्रामात मूळचे श्रीलंकेचे आर्यनायकम् आणि बंगाली आशादेवी ह्या जोडप्याने, दोघंही शांतिनिकेतनातून आलेले, 'नई तालीम'चं काम उभं केलं. विषय आणि उद्योग एकमेकांत विणायच्या पद्धतीला शब्द होता 'समवाय'.

सगळे 'वा वा' म्हणाले असंही नाही. प्रा. के. टी. शहांनी तिथेच हरकत घेतली होती. शाळेने आपला खर्च स्वतः काढायचा म्हटलं की मुलांची मजुरी सुरू होईल आणि गावच्या कारागिरांच्या पोटावर पाय येईल, असा त्यांचा रोख. ही हरकत मला आजही खरी वाटते. मुलाला घडवायचं की माल काढायचा, हा प्रश्न त्या योजनेच्या पोटात पहिल्या दिवसापासून होता.

पॅपर्टचा आणि गांधीजींचा थेट धागा जोडायचा माझा इरादा नाही. एक यंत्राबद्दल साशंक, दुसरा यंत्र पोराच्या हातात द्यायला निघालेला. पण 'हातात वस्तू दे, विचार आपोआप सुरू होईल' हे दोघांच्याही आधीपासून चालत आलेलं आहे. फ्रीड्रिख फ्रोबेलने जर्मनीत १८३७ मध्ये लाकडी ठोकळे आणि खेळ ह्यांतून शिकवणारी संस्था काढली, तिलाच १८४० मध्ये त्याने 'किंडरगार्टन' नाव दिलं. वर्धा परिषदेच्या बरोब्बर शंभर वर्षं आधी! आणि एमआयटीत पॅपर्टच्या तालमीत तयार झालेल्या मिचेल रेझनिकने आपल्या गटाचं नावच 'लाइफलाँग किंडरगार्टन' ठेवलं. ह्याच गटाने २००७ मध्ये स्क्रॅच लोकांसमोर आणलं. टाइप करायच्या चुकांमध्येच पोरं अडकतात आणि विचारापर्यंत पोचत नाहीत, म्हणून लेगोसारखे ठोकळे. फ्रोबेलचे ठोकळे पडद्यावर आले म्हणा ना.

असो. संध्याकाळी चहाच्या वेळी भाची परत आली. ह्या वेळी मी माझे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो. (अक्षरशः!)

तिला त्रिकोण काढायचा होता. तिन्ही बाजू सारख्या, शाळेत शिकलेली, म्हणून कोन ६०. तीन वेळा 'पुढे जा, ६० अंशात वळ'. आला कसला त्रिकोण! अर्धवट तुटलेल्या वाटीसारखं काहीतरी आलं. ती म्हणाली, "बिघडलं आहे हे." हात शिवशिवत होते, पण गप्प राहिलो. फक्त म्हटलं, "तूच मांजर हो आणि चाल." ती फरशीवर चालली. एक बाजू चालली, थांबली, वळली. पुन्हा चालली, वळली. तिसऱ्यांदा वळताना मधेच थांबली आणि म्हणाली, "मामा, मी तर ६० पेक्षा खूप जास्त वळून राहिली आहे!" मग कागदावर खाडाखोड, मग ९०, मग १००, मग १३० (गेलं पलीकडे), आणि शेवटी १२०. बसला त्रिकोण! जी ओरडली ती शेजारच्या काकू 'काय झालं' विचारायला आल्या. त्रिकोणाच्या आतला कोन आणि चालणाऱ्याचा वळायचा कोन वेगळे, हे मला इंजिनियरिंगपर्यंत कोणी चालून दाखवलं नव्हतं.

हा सगळा गोंधळ आजी खाटेवरून बघत होती. पंचाहत्तरी ओलांडलेली, खेड्यातल्या शाळेत चार यत्ता शिकलेली. तिला मी दुपारी वाचलेलं सांगत होतो, टकळी वगैरे. ती म्हणाली, आमच्या शाळेत होती ना टकळी! चार फूट घेराच्या चौकटीवर सूत गुंडाळायचं. एक फेरा म्हणजे एक तार. १६० तारांची एक लटी. चार लट्यांची एक गुंडी, म्हणजे ६४० तार. (इतक्या वर्षांनी आकडे तोंडपाठ, आणि माझ्यासारखे खोटे नाहीत!)

माझ्या डोक्यात घंटी वाजली, पण बोलली भाचीच. "मोठी आजी, मांजरीनं गुंडी करू का?"

चौकोनाच्या चार बाजू, एक बाजू एक फूट. एक चक्कर म्हणजे एक तार. चक्कर १६० वेळा, आणि ते सगळं चार वेळा. ठोकळ्यात ठोकळा, त्यात ठोकळा. आमच्या भाषेत नेस्टेड लूप, ज्यावर पहिल्या वर्षाच्या व्हायवात निम्मा वर्ग गळायचा. तिने मोजणीसाठी एक 'तार' नावाचा डबा, म्हणजे व्हेरिएबल, बनवला आणि हिरवा झेंडा दाबला. मांजर दीड-एक मिनिट गरगरत राहिलं. आकडा थांबला २५६० वर.

"चूक!" भाची रडवेली. पण आजीने चष्मा सारखा केला आणि म्हणाली, "अवं, हे तं फूट मोजून राह्यलं."

खरंच की! 'एकने वाढव' हा ठोकळा सगळ्यात आतल्या घेरात पडला होता, त्यामुळे तारांऐवजी बाजू मोजल्या जात होत्या. ६४० गुणिले ४. भाचीने ठोकळा एक पायरी बाहेर काढला, परत झेंडा दाबला. परत दीड मिनिट. आकडा आला ३२००.

आता तर मीही क्षणभर गोंधळलो. आजी मात्र शांत. "पयली गुंडी काढून नाई ठेवली तं दुसरी मोजशीन कशी पोरी?"

जुने २५६० डब्यात तसेच पडून होते, त्यावर ६४० चढले. सुरुवातीला 'तार शून्य कर' असा ठोकळा लावायचा राहिला होता. ही चूक मी स्वतः नोकरीच्या पहिल्या वर्षात केली आहे, रात्री दोन वाजता शोधली आहे आणि कोणाला सांगितलेली नाही. आजीने ती चहा संपायच्या आत पकडली. कॉम्प्युटरला तिने आयुष्यात हात लावलेला नाही. तिने गुंड्या मोजल्या आहेत, एवढंच.

तिसऱ्यांदा झेंडा दाबला. ६४०. पणजी-पणतीने एकमेकींना टाळी दिली आणि मी उगाच कूलरमध्ये पाणी टाकायला उठलो.

इथे थांबलो तर गोष्ट फार गोड होईल, म्हणून पुढचंही सांगतो. आजीला मी विचारलं, मजा यायची का टकळीची? ती म्हणाली, "कशाची मजा बाप्पा. इन्स्पेक्टर येनार असला का काढाचे अन् मंग ठेवून द्याचे." नई तालीमचं बहुतेक ठिकाणी हेच झालं. आर्यनायकम्-आशादेवींसारखी माणसं होती तिथे टकळीतून इतिहास-भूगोल निघाला. बाकी शाळांत ती तपासणीची वस्तू झाली. १९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगाने मग 'कार्यानुभव' हा शब्द आणला, आणि तो कार्यानुभव आमच्यापर्यंत पोचला तेव्हा त्या तासाला गणिताचे सर राहिलेला पोर्शन पूर्ण करायचे. लोगोचीही तीच गत. संगणक शाळेत आले, त्यांची वेगळी खोली झाली, वेळापत्रक झालं, पेपर झाला. नवी गोष्ट शाळा कशी पचवून टाकते ह्यावर पॅपर्टने १९९३ च्या पुस्तकात हताशपणे लिहिलंय. म्हणजे सेवाग्राम काय आणि एमआयटी काय, मरण एकाच रोगाने.

आता २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी कोडिंग आहे, आणि त्याच वर्गांसाठी दहा दिवस दप्तराविना, सुतार-माळी-कुंभारांकडे जाऊन शिकायची कल्पनाही आहे. टकळी आणि कासव दोघंही परत आलेत म्हणायचे. भाची त्याच वर्गात पाऊल टाकतेय. तिच्या पेपरात 'स्क्रॅचचा लाँगफॉर्म लिहा' असा प्रश्न येऊ नये एवढीच माझी प्रार्थना. (नसतो हो. डीजे लोक तबकड्या पुढेमागे करून जे खरखरवतात, त्यावरून ते नाव आहे.)

निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही सेवाग्रामला जाऊन आलो. बापूकुटी बघितली. २००५ मध्ये नई तालीमच्या जागी 'आनंद निकेतन' शाळा पुन्हा सुरू झालीय, तिथे पोरं शेती करतात, सूत काततात. सुट्टी असल्यामुळे शांत होतं सगळं. परतीच्या वाटेवर भाचीची तोंडाची टकळी सुरू होती, मांजरीला चरखा कसा फिरवायला लावायचा ह्यावर. तिला आठ आऱ्यांचं चाक काढायचं होतं. किती अंशात वळायचं, ते मला आल्याबरोबर सुचलं होतं.

सांगितलं नाही. गाडी सुटेपर्यंत सांगितलं नाही. दौंडजवळ ताईचा फोटो आला, पडद्यावर आठ आऱ्या, थोड्या तिरप्या. खाली लिहिलं होतं, 'स्वतः केलं म्हणतेय. तू काही शिकवलंस की नाही?'